अंजिराचा आकार

परसांत विहिरीच्या कडेला उगवलेल्या उंबराला कोणी कधीं छाटीत नाहीं. तो आपल्या मतानें वाढतो, खोडाला फळांचे घोस लागतात, पांखरें तीं खातात, आणि घरचीं माणसें त्याला नमस्कार करून बाजूनें जातात. दत्ताचें स्थान म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड पडत नाहीं. त्याचाच चुलतभाऊ अंजीर. कूळ एक, दुधासारखा चीक एक, फूल फळाच्या पोटांत दडवून ठेवण्याची खोड एक. ‘उंबराचें फूल’ हा आपल्या भाषेंतील दुर्मिळतेचा वाक्प्रचार अंजिरालाहि तंतोतंत लागू पडतो. परंतु मनुष्यानें या दोघां भावांना दोन रीतींनीं वागविलें. उंबर मोकळा राहिला. अंजिराच्या मागें मात्र हजारों वर्षें माळी सुरी घेऊन उभा आहे.

याचें कारण अंजिराच्या स्वभावांत आहे. त्याला सोडून दिलें तर त्याचें झाड होत नाहीं, झुडूप होतें. बुंध्यापासून दरवर्षीं नवे फोक उठतात, जुन्या फांद्या लांब काठ्यांप्रमाणें वाढत जातात, बुडाकडचे डोळे निजून राहतात, आणि पानाफळांचा संसार काय तो टोंकाला चालतो. शिवाय त्याच्या फळण्याची तऱ्हाहि इतर फळझाडांहून निराळी. युरोपांत व पश्चिम आशियांत, जेथें हिवाळ्यांत अंजीर पानें टाकून उघडा होतो, तेथें एकाच झाडावर वर्षांतून दोन वेळां फळ येतें, आणि तेंहि दोन निरनिराळ्या लांकडांवर. मागील उन्हाळ्यांत वाढलेल्या फांदीच्या शेंड्याजवळ मिऱ्याएवढ्या गांठी हिवाळाभर निजून राहतात. वसंत येतांच त्या फुगतात आणि उन्हाळ्यांत पिकतात. हा पहिला बहार. त्याच सुमारास जी नवी फूट निघते, तिच्या पानांच्या बेचक्यांत दुसरें फळ धरतें व शरदाच्या सुमारास पिकतें. हा दुसरा बहार.

आतां माळ्याची अडचण पाहा. हिवाळ्यांत शेंडे कापले, तर पहिला बहार सुरीबरोबर जमिनीवर पडला. शेंडे राखले, तर झाड लांबत गेलें, आणि थोड्याच वर्षांत फळ हाताबाहेर, शिडीच्या टोंकाला जाऊन बसलें. एक बहार भरपूर हवा असेल तर दुसऱ्याचा थोडाबहुत त्याग करावाच लागतो. आणि हा त्याग कोणाचा करावयाचा, हें त्या त्या देशाच्या हवेनें ठरविलें आहे. म्हणून अंजिराच्या छाटणीचा इतिहास हा वस्तुतः माणसानें आपल्या गांवच्या थंडीशीं, पावसाशीं आणि जागेच्या टंचाईशीं केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

सुरीचा आणि अंजिराचा संबंध किती जुना असेल? जॉर्डन नदीच्या खोऱ्यांत, जेरिको शहराच्या उत्तरेस, गिल्गाल नांवाच्या जागीं उत्खननांत जळून कोळसा झालेलीं नऊ लहान अंजिरें सांपडलीं. त्यांचें वय सुमारें ११,४०० वर्षें ठरलें. २००६ सालीं त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या फळांत बीज धरलेलें नव्हतें. अशा झाडाचा वंश बियांनीं चालत नाहीं. फांदी कापून जमिनींत खोंचली तरच चालतो. यावरून अभ्यासकांनीं असें अनुमान काढलें कीं, गहू-जव नीट पेरूं लागण्यापूर्वींच मनुष्य अंजिराच्या फांद्या लावूं लागला असावा. कित्येक विद्वानांना हें मान्य नाहीं. बीज न धरलेलीं फळें रानटी झाडावरहि येतात, असें त्यांचें म्हणणें. हा वाद कसाहि मिटो. कापलेली अंजिराची फांदी ओल्या मातींत सहज मूळ धरते, हा गुण डोळ्यांआड राहण्यासारखा नव्हता, आणि कापण्यानें झाड मरत नाहीं, उलट वाढतें, हा धडा मनुष्य ज्या थोड्या झाडांपासून प्रथम शिकला त्यांत अंजीर असला पाहिजे.

रोमचा केटो यानें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत शेतीवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत अंजिराचें कलम करण्याची कृति आहे. बुडाला भोंक असलेल्या कुंडींतून किंवा टोपलींतून झाडावरचीच फांदी ओवून घ्यावयाची, कुंडींत माती दाबून भरावयाची, आणि मुळें फुटलीं म्हणजे कुंडीच्या खालून फांदी कापून नवें रोप कुंडीसकट खड्ड्यांत बसवावयाचें. आपल्याकडील बागवान शेवाळ व फडकें गुंडाळून जी गुटी बांधतो, तिचीच ही जुनी बहीण. हा केटो तोच, ज्यानें कार्थेज शहर रोमच्या किती जवळ आहे हें पटविण्यासाठीं आफ्रिकेंतलें ताजें अंजीर सभेंत दाखविल्याची गोष्ट प्लिनीनें व प्लुटार्कनें सांगितली आहे. कार्थेज इ. स. पूर्वीं १४६ मध्यें धुळीस मिळालें. फळाचा इतका वाईट उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

रोमन लोकांच्या देशांत अंजिराला थंडीचें फारसें भय नव्हतें. खरी कसोटी लागली ती त्याला उत्तरेकडे नेल्यावर. ज्यूलियन, जो पुढें रोमचा बादशहा झाला, त्यानें इ. स. ३५७-५८ चा हिवाळा सीन नदीच्या कांठीं ल्युटेशिया या गांवीं काढला. तेंच आजचें पॅरिस. पुढें ३६३ सालीं अँटिओकच्या लोकांनीं त्याच्या दाढीची थट्टा केली, तेव्हां त्यानें त्यांना उत्तर म्हणून एक उपहासात्मक ग्रंथ लिहिला आणि त्यांत ओघानें या हिवाळ्याची आठवण सांगितली. नदींतून संगमरवराच्या चिऱ्यांसारखे बर्फाचे तुकडे वाहत होते, आणि खोलींत आणविलेल्या निखाऱ्यांच्या धुरानें तो स्वतः गुदमरून मरतां मरतां वांचला. त्याच ठिकाणीं तो नमूद करतो कीं, तेथील कांहीं लोक अंजिराचीं झाडें लावतात, आणि हिवाळ्यांत त्यांना गव्हाच्या काडानें झांकून ठेवतात. बादशहाला जेथें ऊब मिळत नव्हती, तेथें अंजिराला पांघरूण मिळत होतें.

यानंतर तेराशें वर्षांनीं, त्याच पॅरिसच्या शेजारीं, अंजिराची गांठ एका विलक्षण माणसाशीं पडली. झां-बातिस्त द ला कँतिनी हा मूळचा वकिलीचें शिक्षण घेतलेला गृहस्थ. एका श्रीमंत घरच्या मुलाचा शिक्षक म्हणून तो इटलीच्या प्रवासाला गेला, तेथील बागा पाहून त्याचें मन कायद्यावरून उडालें, आणि परत आल्यावर त्यानें फळबागेचा धंदा पत्करला. १६७० सालीं चौदाव्या लुईनें त्याला आपल्या सर्व फळबागांचा व भाजीमळ्यांचा प्रमुख नेमलें. व्हर्सायच्या राजवाड्याजवळ १६७८ पासून १६८३ पर्यंत त्यानें जी बाग उभी केली, ती जागा दलदलीची होती; शेजारीं खणल्या जाणाऱ्या तलावाची माती आणून ती भरून काढावी लागली. जागेविषयींची ला कँतिनीची नाराजी पुढें त्याच्या लिखाणांतहि उतरली. परंतु वाड्याजवळची जागा राजानें पसंत केली होती, आणि राजाच्या पसंतीपुढें माळ्याची नापसंती चालत नाहीं.

राजाला अंजिरें फार प्रिय. आणि व्हर्सायची हवा अंजिराला मुळींच प्रिय नाहीं. तेथील उन्हाळा इतका आंखूड असतो कीं, दुसऱ्या बहाराचीं फळें पिकण्यापूर्वींच थंडी येऊन पडते. म्हणजे भरंवसा ठेवावयाचा तो पहिल्या बहारावर. आणि त्या बहाराच्या गांठी तर हिवाळाभर उघड्या शेंड्यावर बसलेल्या. एक कडक रात्र आली कीं शेंडे जळाले. झाड मरत नाहीं, बुडापासून पुन्हां फुटतें. पण ती नवी फूट पुढच्या वर्षापर्यंत पहिल्या बहाराचें फळ देऊं शकत नाहीं. राजाच्या ताटांत जूनमध्यें अंजीर पडावयाचें असेल, तर आदल्या वर्षाचा शेंडा जिवंत राहिला पाहिजे, हा सगळ्या प्रश्नाचा गाभा.

ला कँतिनीनें झाडेंच हलतीं केलीं. संत्र्यांप्रमाणें अंजीरहि मोठाल्या लांकडी कुंड्यांत लावून थंडीच्या दिवसांत ते बंद घरांत न्यावयाचे, अशी त्यानें व्यवस्था केली. अंजिराच्या या खास विभागांत सातशेंच्या आसपास झाडें होतीं असें सांगतात. कुंडींतलें झाड उंच वाढून चालत नाहीं. तें दारांतून आंत गेलें पाहिजे, चार माणसांना उचलतां आलें पाहिजे, आणि त्याच्या भारानें कुंडी कलंडतां कामा नये. तेव्हां बुटकें, भरदार, जवळ जवळ गांठी असलेलें झाड घडविणें हें ओघानेंच आलें. येथें त्याच्या लक्षांत जी गोष्ट आली ती आजहि नवशिक्या माळ्याला चकविते. इतर बहुतेक फळझाडांत बारीक, अशक्त डहाळीवर फळ धरतें आणि जाड जोरकस फोक नुसती पानें देतो. अंजिरांत याच्या उलट. जाड, आंखूड, जवळ जवळ पेरांच्या फांदीवर फळ बसतें; बारीक लांब काडी वांझ राहते. म्हणून सफरचंद छाटणाऱ्यानें त्याच हातानें अंजीर छाटला कीं हवें तें जातें आणि नको तें राहतें. ला कँतिनीचा उपाय असा कीं, बारीक काड्या काढून टाकाव्या, जाड राखाव्या, आणि कोंवळ्या फुटीचा शेंडा वेळींच नखानें खुडावा. शेंडा खुडला कीं फूट लांबावयाची थांबते, खालचे दोनतीन डोळे जागे होतात, आणि एका लांब काठीच्या जागीं दोनतीन आंखूड जाड फांद्या मिळतात. सुरी लागते ती वर्षांतून एकदां; नख लागतें तें उन्हाळाभर.

कापणें आणि छाटणें या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याच्या शिकवणीचा सारांश होता. तो १६८८ सालीं वारला. त्याचा ग्रंथ त्याच्या मुलानें १६९० मध्यें छापून काढला, आणि तीन वर्षांनीं जॉन ईव्हलिनच्या नांवानें त्याचें इंग्रजी भाषांतरहि निघालें. झाडाला वळण देण्यामागें कांहीं कारणपरंपरा आहे, आणि ती लिहून दुसऱ्याला शिकवितां येते, ही कल्पना या ग्रंथानें युरोपांत सर्वदूर पोंचविली. वकिली सोडली तरी युक्तिवादाची संवय सुटली नव्हती, असेंच तो ग्रंथ चाळणाऱ्याला वाटतें.

राजाजवळ कुंड्या होत्या, हिवाळी घरें होतीं, उचलावयाला माणसें होतीं. ज्याच्याजवळ यांतलें कांहींच नाहीं त्यानें काय करावें? याचें उत्तर पॅरिसच्या वायव्येस सीनच्या कांठीं वसलेल्या आर्झांतय गांवच्या शेतकऱ्यांनीं दिलें, आणि बुद्धीच्या दृष्टीनें तें राजमाळ्याच्या उत्तराहून कमी नाहीं. द्राक्षें, शतावरीचे कोंब आणि अंजिरें या तीन पिकांवर हा गांव जगत असे. झाड घरांत नेतां येत नाहीं ना, मग तें जमिनींत निजवावें, हा त्यांचा तोडगा.

यासाठीं रोप लावतांनाच पुढचा सगळा विचार करावा लागे. उताराच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या जमिनींत खोलगट खड्डा घेऊन त्यांत मुळें धरलेलें कलम उभें न लावतां तिरपें लावीत, म्हणजे झाडाला जन्मापासून वांकण्याची संवय. एक खोड वाढूं द्यावयाचेंच नाहीं, कारण जाड खोड वांकत नाहीं, मोडतें. त्याऐवजीं बुंध्यापासून अनेक फांद्या उठूं द्यावयाच्या, आणि त्या चहूंकडे नीट पसरतील अशा निवडावयाच्या. पहिल्या कांहीं वर्षांत फळाचा लोभ न धरतां झाडाला हें वळण लावण्यांतच शेतकऱ्याचे हात गुंतत. ज्यानें त्या वर्षांत घाई केली, त्याच्या झाडाला पुढें निजवितां येत नसे, आणि जें निजवितां येत नाहीं तें पहिल्याच कडक हिवाळ्यांत जात असे.

नोव्हेंबर उजाडला कीं राहिलेलीं पानें आणि न पिकलेलीं हिरवीं फळें काढून टाकीत. तीं राहिलीं तर मातीखालीं कुजतात, आणि कुजका भाग शेजारच्या फांदीला लागतो. मग फांद्यांच्या तीनचार मोळ्या बांधून प्रत्येक मोळी हळूहळू वांकवीत बुंध्याभोंवतीं खणलेल्या चरांत निजवावयाची, वर माती लोटावयाची, बुंध्यावर मातीचा ढीग रचावयाचा. हिवाळाभर त्या शेतांत थडग्यांसारखे उंचवटे तेवढे दिसत. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्यें झाडें उकरून वर काढावयाचीं. आणि वर्षाचें सगळें उत्पन्न या एका दिवसाच्या निवडीवर अवलंबून असे. लवकर उकरलें आणि मागून थंडीची एक लाट आली, तर शेंड्यावरच्या गांठी काळ्या पडल्या. उशीर केला, तर मातीखालच्या ओलाव्यांत त्याच गांठी सडल्या, किंवा डोळे अंधारांतच पांढरे पडून फुटले. कोरड्या वाऱ्याचा किंवा लख्ख उन्हाचा दिवस टाळून ढगाळ, सौम्य, जमल्यास रिमझिम पावसाचा दिवस पाहावा, अशी त्यांची रीत. चार महिने अंधारांत काढलेल्या सालीला एकाएकीं ऊन सोसत नाहीं.

वर काढलेल्या फांदीवर मग छाटणीचें काम सुरू होई. पॅरिसच्या हवेंत दुसरा बहार पिकत नाहीं हें ठरलेलेंच. म्हणून फांदीच्या शेंड्याचा वाढीचा डोळा काढून टाकीत, म्हणजे रस लांबण्यांत खर्च न होतां फळांत उतरावा. पण सगळेच डोळे काढले तर पुढच्या वर्षीं फळ कशावर धरणार? तेव्हां फांदीच्या बुडाशीं एक किंवा दोन फुटी वारस म्हणून राखावयाच्या आणि बाकीच्या खुडावयाच्या. उन्हाळ्यांत फळें उतरलीं कीं फळलेली फांदी वारसापर्यंत मागें कापून टाकावयाची. अशा रीतीनें एका झाडावर एकाच वेळीं यंदाची फळती फांदी आणि पुढच्या वर्षाची वाढती फांदी अशा दोन पिढ्या नांदत, आणि झाड कधीं माणसाच्या उंचीबाहेर जात नसे. शेवटीं, फळ पिकावयाला थोडे दिवस राहिले असतां, काडीच्या टोंकानें ऑलिव्हच्या तेलाचा एक थेंब फळाच्या तोंडाशीं लावीत. त्यामुळें तें कांहीं दिवस आधीं पिके, आणि बाजारांत आधीं आलेल्या फळाला मोल अधिक. ही नुसती म्हातारपणाची समजूत आहे असें पुष्कळांना वाटे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रयोगांअंतीं आढळलें कीं, तेल लावलेल्या अंजिरांत एथिलीन हा पिकविणारा वायु वाढतो. शेतकऱ्याला वायूचें नांव ठाऊक नव्हतें. थेंब केव्हां लावावा हें मात्र ठाऊक होतें.

१८५१ मध्यें पॅरिसहून आर्झांतयला आगगाडी आली. सुरुवातीला तिनें अंजिरें शहरांत नेलीं, आणि नंतर शहरच गांवांत आणलें. चित्रकार मोने १८७१ पासून १८७८ पर्यंत तेथें राहिला. त्याच्या नदीच्या चित्रांत शिडाच्या होड्यांच्या मागें कारखान्यांचीं धुराडीं दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कारखाने व घरें यांनीं ते उतार व्यापीत आणले, आणि दक्षिणेकडील अंजीर रेल्वेनें पॅरिसच्या बाजारांत स्वस्त येऊं लागलें. चर खणून झाड निजविणाऱ्याला त्या किमतींत परवडेना. व्यापारी पीक म्हणून ही शेती संपली. ला कँतिनीच्या बागेंत १८७३ सालीं उद्यानविद्येची शाळा निघाली व तिची परंपरा टिकली. आर्झांतयच्या शेतकऱ्यांची विद्या हातांत होती. हात दुसऱ्या कामाला लागले, तसा तिचा मोठा भाग त्यांच्याबरोबरच गेला.

झाड निजविण्याची ही युक्ति केवळ आर्झांतयची मक्तेदारी नव्हती. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारें ४० लाख इटालियन लोक अमेरिकेंत गेले. त्यांतले बहुसंख्य दक्षिण इटलींतले गरीब शेतमजूर. गांवाकडील अंजिराची फांदी सामानांत घालून नेणारे त्यांत पुष्कळ होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनसारख्या भागांत, दोन भिंतींच्या मधल्या चार हातांच्या परसांत त्यांनीं ती लावली. तेथील थंडी आर्झांतयहूनहि कडक. शरद संपला कीं एका बाजूचीं मुळें फावड्यानें तोडून झाड दुसऱ्या बाजूला आडवें करावयाचें, चरांत घालून वर फळ्या व माती टाकावयाची. किंवा उभ्या झाडाच्या फांद्या दोरीनें आंवळून त्यांना जुन्या सतरंज्या, गोणपाट, मेणकापड गुंडाळावयाचें आणि पाणी आंत शिरूं नये म्हणून शेंड्यावर बादली पालथी घालावयाची. हिवाळ्यांत त्या गल्लींतून जाणाऱ्याला परसापरसांतून डोक्यावर बादली घेतलेले बुजगावण्यासारखे उभे आकार दिसत. गुंडाळण्यासाठीं फांद्या थोड्या, सरळ व लवचिक हव्या. म्हणून त्यांची छाटणीहि त्याच बेतानें होई. तिकडे जन्मलेल्या नातवांना इटालियन भाषा आली नाहीं, पण झाड केव्हां गुंडाळावयाचें हें कित्येकांना ठाऊक होतें.

आतां आपल्याकडे. नांवावरूनच दिसतें कीं, अंजीर आपल्याकडे फारसी बोलणाऱ्यांच्या मार्गानें आला. महाराष्ट्रांत त्याला खरा मानवला तो पुणें जिल्ह्याचा पुरंदर तालुका. कऱ्हेच्या खोऱ्यांतील सासवड, दिवे, राजेवाडी, गुऱ्होळी या गांवांची हलकी, चुनखडीची, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि बेताचा पाऊस त्याला भावला. पुरंदरच्या अंजिराला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. हें पुणेरी अंजीर ज्या जातीचें, तिला फळ धरण्यासाठीं चिलटाच्या मध्यस्थीची जरूर लागत नाहीं. म्हणून ‘उंबर फोडून केंबरें उडविणें’ ही म्हण या भावाला लागू पडत नाहीं.

येथें शत्रु निराळा. थंडी अंजिराला मारीत नाहीं. उलट ती त्याला पुरी झोंपहि देत नाहीं. भय आहे तें पावसाचें. पावसाळ्यांत पानावर तांबेरा पडतो, पान गळतें, आणि फळ पाणचट होतें किंवा उकलतें. बहार येथेंहि दोन, आणि बागवानानें त्यांना जीं नांवें ठेवलीं त्यांतच त्याचा निवाडा आहे. पावसाळ्यांत, जुलै-ऑगस्टच्या सुमारास येणारा तो खट्टा, आणि उन्हाळ्यांत मार्च-एप्रिलकडे पिकणारा तो मिठा. पॅरिसवाल्यानें दुसऱ्या बहारावर पाणी सोडलें, तसें जुन्या पुणेरी बागवानानें खट्ट्यावर. मिठा बहार धरण्यासाठीं पावसाळ्याच्या अखेरीस पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा, मग हलकी छाटणी, खत व पाणी. नव्या फुटीवर हिवाळ्याच्या कोरड्या उन्हांत फळ पोसतें.

लहान झाडाला वळण लावतांना येथें निजविण्याचा प्रश्न नाहीं, म्हणून आर्झांतयच्या उलट एक खोड चालतें. गुटीचें किंवा फांटेकलमाचें रोप लावल्यावर दोन-तीन फूट उंचीपर्यंत बाजूच्या फुटी काढून खोड मोकळें ठेवतात, आणि त्यावर चहूंदिशांना तोंड केलेल्या तीनचार फांद्या राखतात. मध्यभाग उघडा राहिला म्हणजे ऊन-वारा आंत खेळतो, पान लवकर वाळतें, आणि तांबेऱ्याला थारा कमी मिळतो. बुंध्याचे फोक दिसतील तसे उपटावयाचे. कांहीं बागाईतदार मात्र मुद्दाम तीनचार खोडें राखतात. खोडकिड्यानें एक पोखरलें तरी झाड जात नाहीं, असा त्यांचा हिशेब. तोहि चूक म्हणतां येत नाहीं.

पण कांठीसारख्या लांब वाढलेल्या उघड्या फांदीचें काय? थंड देशांत शेंडा खुडला म्हणजे खालचे डोळे जागे होतात. येथें बारमास ऊब असल्यानें शेंड्याजवळचेच एकदोन डोळे तेवढे पुढें सरसावतात आणि खालचे निजलेलेच राहतात. यावर पुण्याकडील बागवानांनीं जी युक्ति काढली ती भारतीय उद्यानविद्येच्या पुस्तकांतून पुणें भागाच्या नांवानें नोंदली गेली आहे. तिला खांच पाडणें म्हणतात. तिचें शास्त्रीय कारण १९३३-३४ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत थिमान व स्कूग या दोघां शास्त्रज्ञांनीं घेवड्यासारख्या एका रोपावर केलेल्या प्रयोगांनीं स्पष्ट झालें. शेंड्यांत ऑक्सिन नांवाचें द्रव्य तयार होतें आणि सालीच्या वाटेनें खालीं उतरतें. तें पोंचतें आहे तोंवर खालचा डोळा फुटत नाहीं. शेंडा कापून त्या जागीं तेंच द्रव्य लावलें तरी डोळे निजूनच राहिले. वाट तुटली कीं डोळा जागा होतो. ला कँतिनीचें नख उगमच खुडीत होतें; पुणेरी बागवान उगम तसाच ठेवून वाट तेवढी अडवितो.

खांच जुलै महिन्यांत पाडतात, कारण तेव्हां झाडांत रस भरलेला असतो. फांदी आठ महिन्यांच्या आसपास वयाची, जून पण न पिचलेली अशी निवडावी. ज्या जागीं फूट हवी तेथील निजलेला डोळा पाहून त्याच्या लगेच वर, सुमारें एक इंच लांब आणि अर्धा इंच रुंद अशी तिरपी साल थोड्याशा लांकडासकट धारदार चाकूनें काढावी. एका फांदीवर तीन किंवा चार डोळ्यांना अशी खांच पुरते. अधिक पाडल्या तर फांदीच कमजोर होते. चीक वाहतो, तो फडक्यानें टिपावा व हाताला लागूं देऊं नये, कातडी पोळते. आणि चाकू लावतांना बाजू चुकूं नये: खांच डोळ्याच्या वर पडली तर तो फुटतो, खालीं पडली तर होता तसाच निजून राहतो.